झेडएसएचच्या स्टार्टअप फायली: बॅशपेक्षा सरस, पण एका फाइलीचं पथ्य पाळायला हवं

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम; बॅश आणि झेडएसएच ही त्यातली दोन. शेल बदलायचं का, हे बहुतेक जण प्रॉम्प्टच्या थीम बघून ठरवतात. ते स्टार्टअप फायली (शेल सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फायली) बघून ठरवावं, कारण रोजची डोकेदुखी तिथूनच सुरू होते. टर्मिनलमध्ये चालणारी कमांड क्रॉनला (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडत नाही, एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी जोडून) फाइल पाठवताना गाडी अडते, नवी विंडो उघडली की प्रॉम्प्टची वाट बघत बसावं लागतं. या निकषावर झेडएसएच बॅशच्या बरंच पुढे आहे.

बॅशचा नियम असा: लॉगिन शेल (लॉगिन केल्यावर सुरू होणारं) आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचतं आणि मग .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल यांपैकी जी आधी सापडेल ती एकच. लॉगिन नसलेलं इंटरॅक्टिव्ह शेल (ज्यात आपण स्वतः कमांड टाइप करतो ते) यांपैकी काहीच वाचत नाही, ते .बॅशआरसी वाचतं. म्हणून एका फाइलीतून दुसरी सोर्स करण्याची (म्हणजे तिथेच वाचून चालवण्याची) ओळ आपणच लिहायची. एखाद्या इन्स्टॉलरने .बॅश_प्रोफाइल नव्याने तयार केली की इतके दिवस चालत असलेली .प्रोफाइल वाचली जाणं बंद होतं, आणि एररसुद्धा येत नाही. स्क्रिप्टसाठी तर कुठलीच ठरलेली फाइल नाही. बॅश_एन्व्ह या व्हेरिएबलमध्ये जिचं नाव असेल तीच वाचली जाते.

त्यातला अपवाद जास्त त्रासाचा आहे. डेबियनसारख्या डिस्ट्रिब्युशनमध्ये एसएसएचवरून एखादी कमांड चालवली तर शेल इंटरॅक्टिव्ह नसूनही .बॅशआरसी वाचली जाते. डेबियनच्या तयार .बॅशआरसीत अगदी वर $- या शेलच्या चालू पर्यायांच्या व्हेरिएबलमध्ये 'आय' (इंटरॅक्टिव्ह) हे अक्षर आहे का ते तपासून, नसेल तर तिथूनच परत फिरणारा तुकडा आहे. त्याच्या खाली पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या डिरेक्टऱ्यांची यादी) ठेवला तर एसएसएचवरच्या कमांडला तो मिळत नाही. त्याच्या वर स्वागताचा एखादा इको ठेवला तर आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या संवादात ते शब्द घुसतात आणि ते 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच' म्हणून थांबतं. एसएफटीपीही अशा वेळी 'मेसेज टू लाँग' म्हणतं. कारण एवढंच, की फाइलीतून छापलेली अक्षरं त्याने पॅकेटची लांबी म्हणून वाचलेली असतात.

झेडएसएचमध्ये हा गुंता नाही. .झेडएसएचएन्व्ह प्रत्येक शेल वाचतं, .झेडप्रोफाइल फक्त लॉगिन शेल, .झेडएसएचआरसी फक्त इंटरॅक्टिव्ह, आणि शेवटी .झेडलॉगिन पुन्हा लॉगिनसाठी. बाहेर पडताना .झेडलॉगआउट. प्रत्येकीच्या आधी /ईटीसीतली तिची जोडीदार वाचली जाते, फक्त .झेडलॉगआउटची नंतर (डेबियनवर या फायली /ईटीसी/झेडएसएचमध्ये असतात). शेल लॉगिनही असेल आणि इंटरॅक्टिव्हही, तर सगळ्या क्रमाने चालतात; सोर्सची ओळ लिहावी लागत नाही. अलियास (कमांडची टोपणनावं), की-बाइंडिंग, प्रॉम्प्ट, कम्प्लीशन (टॅब दाबून कमांड पूर्ण करणं) हे सगळं .झेडएसएचआरसीत. .झेडलॉगिनची गरज फारशी कुणाला पडत नाही, ती सोडून द्या.

पथ्य आहे ते .झेडएसएचएन्व्हचं. ही फाइल झेडएसएचची प्रत्येक स्क्रिप्ट वाचते, त्यामुळे इथला अलियास किंवा सेटऑप्टने बदललेला शेलचा पर्याय दुसऱ्याच्या स्क्रिप्टचं वागणं बदलतो. इथे पाथच्या पुढे स्वतःची डिरेक्टरी जोडली, तर पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरती वेगळी मांडणी) सुरू असताना चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये ती त्या एन्व्हायर्नमेंटच्याही पुढे जाऊन बसते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत झेडएसएचला -एफ दिलं की आपल्या फायली टळतात, पण /ईटीसीतली झेडएसएचएन्व्ह तरीही वाचली जातेच. ही उणीव खरी आहे आणि तिच्यावर उपाय नाही.

मॅकवर तर हाच पाथ उलटा होतो. 2019 मधल्या कॅटलिनापासून तिथे नव्या खात्याला झेडएसएच मिळतं आणि टर्मिनलची प्रत्येक विंडो लॉगिन शेल उघडते. /ईटीसी/झेडप्रोफाइलमध्ये पाथ_हेल्पर चालतो. तो सिस्टीमच्या डिरेक्टऱ्या पुढे आणतो आणि तुम्ही .झेडएसएचएन्व्हमध्ये जोडलेल्या मागे ढकलतो. मग स्वतः बसवलेलं गिट असूनही सिस्टीमचंच चालतं. म्हणून पाथ .झेडप्रोफाइलमध्ये ठेवा, ती पाथ_हेल्परनंतर वाचली जाते. वरती 'टाइपसेट -यू पाथ' ही ओळ टाका (यू कॅपिटल), म्हणजे एकच डिरेक्टरी दोनदा येणार नाही. एसएसएचवरून चालवलेली कमांड .झेडप्रोफाइल वाचत नाही. तेवढ्यासाठी .झेडएसएचएन्व्हमध्ये एकच अट लिहा: एसएचएलव्हीएल (शेलच्या आत कितवं शेल ते मोजणारं व्हेरिएबल) 1 असेल आणि शेल लॉगिन नसेल, तर .झेडप्रोफाइल सोर्स करा. या अटीमुळे आतल्या स्क्रिप्टना धक्का लागत नाही.

क्रॉनचा या फायलींशी संबंध नाही. तो सहसा /बिन/एसएच वापरतो आणि त्याचा पाथ अगदी तुटपुंजा असतो. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या फाइलीच्या) डोक्यावरच पाथ लिहा, आणि पूर्ण लिहा. तिथे $होम उलगडलं जात नाही.

वेगाच्या बाबतीत झेडएसएचला पूर्ण गुण देता येत नाहीत, मात्र दोष शोधायचं साधन सोबतच मिळतं. .झेडएसएचआरसीच्या पहिल्या ओळीत झेडमॉडलोडने 'झेडएसएच/झेडप्रोफ' घ्या, शेवटच्या ओळीत झेडप्रोफ लिहा, आणि कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते समोर येतं. बऱ्याचदा कम्प्लीशन सुरू करणारं कम्पइनिट वरच्या क्रमांकावर असतं, आणि कधी कधी दोन प्लगइन ते दोनदा चालवत असतात. 'कम्पइनिट -सी' (सी कॅपिटल) दिलं की तपासणी टळते. पण मग नवं कम्प्लीशन बसवल्यावर .झेडकम्पडम्प ही त्याने साठवलेली फाइल हाताने काढून टाकावी लागते.

जुनी .बॅशआरसी जशीच्या तशी इकडे चिकटवू नका. बॅशचे पर्याय बदलणारी शॉप्ट ही कमांड इथे नाही आणि ॲरेची मोजणी 0 ऐवजी 1 पासून होते. ज्या सर्व्हरवर फक्त बॅश आहे, तिथे एवढ्यासाठी झेडएसएच बसवण्यात अर्थ नाही.

मांडणी झाली की 'एन्व्ह -आय' ने सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसून, फक्त होम देऊन झेडएसएच तीनदा चालवा: एकदा -सी, एकदा -एलसी, एकदा -आयसी, आणि तिन्ही वेळा 'प्रिंट -एल $पाथ' छापा. तिन्ही याद्यांत तुमची डिरेक्टरी सर्वांत वर दिसायला हवी. पहिल्या आणि तिसऱ्या यादीत ती नसेल, तर एसएचएलव्हीएलची अट तपासा.