टस्कीगीत एकच दिवस: विद्यापीठ, मोटन फील्ड की शायलोची शाळा?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत ओळखीचे आहेत. ते १८९६ मध्ये जिथे आले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत जिथे राबले, ती मेकन काउंटी मात्र बहुतेकांना नकाशावर शोधावी लागते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या पूर्वेकडचा हा शेतीवाडीचा मुलूख अटलांटाहून मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. तिथे गेलेल्या माणसापुढे तीन पर्याय असतात: टस्कीगी विद्यापीठाचा परिसर, मोटन फील्ड ही विमानतळाची जागा आणि नोटासल्गा या गावाजवळची शायलोची शाळा. तिन्ही उरकता येतील, पण एका दिवसात तिन्ही नीट पाहणं अवघड आहे.

विद्यापीठ: आधी वीट पाहा

४ जुलै १८८१ रोजी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी एका चर्चच्या आवारातल्या मोडकळीस आलेल्या खोलीत ३० विद्यार्थ्यांना घेऊन शाळा सुरू केली. तीच आजचं विद्यापीठ. पुढे पडीक शेतमळा विकत घेतला आणि इमारतींसाठी विटाही मुलांनीच पाडायच्या असं ठरलं. पहिल्या तिन्ही भट्ट्या फसल्या. एकेका भट्टीत सुमारे २५,००० विटा असत आणि भाजायला आठवडा लागे. तिसरी तर आठवडा संपत आला असताना मध्यरात्री कोसळली. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. ते परत सोडवता आलं नाही, पण ती भट्टी साधली. १९०० च्या सुमारास मुलं एका हंगामात १२ लाख विटा पाडत होती आणि परिसरातल्या ४० इमारतींपैकी ४ सोडल्या तर बाकी सगळ्या जवळपास पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या.

हे माहीत असलं की इथलं पाहणं बदलतं. जुन्या भिंतींसमोर दोन पावलांवर उभं राहा. विटांचा रंग, कडा, सांध्यातला चुना बारकाईने पाहा. या विटा पाडणारी मुलं गुलामीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या घरांतली होती.

आराखडे रॉबर्ट आर. टेलर यांचे. एमआयटीतून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद (१८९२). वॉशिंग्टन यांचं राहतं घर ‘द ओक्स’ त्यांनी १८९९ मध्ये उभारलं. वीज आलेलं काउंटीतलं ते पहिलं घर मानलं जातं. टेलर यांचं १८९८ चं चॅपल १९५७ मध्ये आगीत गेलं. त्याच्या जागी वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं चॅपल १९६९ मध्ये पूर्ण झालं. तेही विटांचंच, पण आतल्या तिरक्या भिंती आणि छताच्या कडेने उतरणारा उजेड यांमुळे सगळ्या परिसरात वेगळं. वास्तुकलेत रस असेल तर फक्त यासाठीही वाट वाकडी करावी. त्याच्या जवळच स्मशानभूमी आहे. वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या कबरी तिथेच एकमेकांच्या शेजारी आहेत.

कार्व्हर संग्रहालयाची इमारत मुळात कपडे धुण्याची, १९१५ ची. १९४७ मध्ये तिला आग लागली आणि कार्व्हर यांनी काढलेली बरीच चित्रं जळाली. त्यामुळे चित्रकार कार्व्हर पाहायला येणाऱ्याची थोडी निराशा होते. शेतीशास्त्रज्ञ आणि शिक्षक कार्व्हर मात्र इथे नीट भेटतात. खेचरं जुंपलेल्या गाडीवरून शेतकऱ्याच्या बांधावर शाळा नेणाऱ्याच्या हयातीतल्या वस्तू समोर असल्या की वाचलेलं सगळं जागेवर बसतं.

अडचण ही की संग्रहालय आणि ‘द ओक्स’ दोन्ही राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहेत आणि दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलेली आहेत. निघण्यापूर्वी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर ‘सद्यस्थिती’चं पान वाचा, शंका असेल तर फोन करा. नुसत्या नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. शिवाय हे चालू विद्यापीठ आहे. पदवीदान किंवा फुटबॉलचा सामना असलेल्या शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि वर्गांच्या इमारतींत शिरणं बरोबर नाही. पण आतली दारं बंद असली तरी पायी फेरीचं मोल जात नाही, कारण इथली मुख्य गोष्ट बाहेरच्या भिंतींवर आहे. फेरीला दोन तास धरा. चढउतार आहे, सावली तुटक आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो. म्हणून सकाळ चांगली.

मोटन फील्ड: सगळ्यात सोपं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात कृष्णवर्णीय वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण इथेच झालं. दुसरी जागाच नव्हती. टस्कीगी संस्थेचे (आजच्या विद्यापीठाचे) दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांचं नाव या धावपट्टीला दिलं. बांधकामासाठी उद्योजक ज्यूलियस रोझनवाल्ड यांच्या दाननिधीने, म्हणजे रोझनवाल्ड फंडाने, १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं. पहिल्या तुकडीने जुलै १९४१ मध्ये सुरुवात केली. १३ जणांपैकी ५ जण मार्च १९४२ मध्ये वैमानिक होऊन बाहेर पडले. युद्ध संपल्यानंतरच्या वर्षापर्यंत हा आकडा हजाराच्या जवळ गेला.

दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय वैमानिक-प्रशिक्षक ‘चीफ’ अँडरसन यांच्यासोबत १९४१ मध्ये केलेलं प्रसिद्ध उड्डाण इथलं नाही, जवळच्या केनेडी फील्ड या दुसऱ्या धावपट्टीवरचं आहे. आणि पुढचं लष्करी प्रशिक्षण काही मैलांवरच्या वेगळ्या, मोठ्या तळावर होत असे. तिथे आता पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.

पहिला हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, मूळचा आहे. दुसरा १९८९ मध्ये जळाला. आज दिसतो तो नव्याने उभारलेला. उभा केलेला प्रसंग आणि खरी जुनी वास्तू यांत भेद करणाऱ्याने ही नोंद ठेवावी. मांडणी मात्र उत्तम आहे: ध्वनिफिती, चित्रफीत, सरावाची विमानं, लाल शेपटीच्या मस्टँग या लढाऊ विमानाची प्रतिकृती. दहा वर्षांच्या मुलालाही काय चाललं होतं ते समजतं. गाडी दाराशी लागते, चालणं कमी, शौचालयं आणि वातानुकूलन आहे. आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर आधी इथेच जा. दीड तास पुरतो. विद्यापीठाप्रमाणे इथेही प्रवेशशुल्क नाही.

शायलो: सगळ्यात थोडं, सगळ्यात खोल

ज्यूलियस रोझनवाल्ड हे सिअर्स या किरकोळ विक्रीच्या बड्या कंपनीचे प्रमुख आणि टस्कीगीचे विश्वस्त. १९१२ मध्ये त्यांनी दिलेल्या देणगीतून उरलेल्या पैशांत वॉशिंग्टन यांनी खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ६ शाळा बांधण्याचा प्रयोग केला. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या १५ राज्यांत अशा जवळपास ५,००० शाळा झाल्या. अट ही: गावानेही पैसा, जमीन, लाकूड किंवा श्रम यांतून आपला वाटा उचलायचा. शायलोच्या चर्चशेजारची लाकडी शाळा १९२० च्या दशकातली आहे.

इथे खिडक्या पाहायच्या. गावात वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्या एकमेकींना चिकटवून एका बाजूला रांगेत बसवत आणि बाकं अशी लावत की उजेड डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा, लिहिणाऱ्या हाताची सावली पडू नये. दोन वर्गांमधली भिंत सरकवली की गावाच्या सभेसाठी एक मोठी खोली तयार होई. अशा बहुसंख्य शाळा नंतर पाडल्या गेल्या किंवा खिडक्या बुजवून घरं-गोदामं बनल्या. म्हणून एक पूर्ण उभी असलेली शाळा पाहायला मिळणं मोठी गोष्ट आहे.

शेजारच्या दफनभूमीत सरकारी आरोग्य खात्याच्या सिफिलिस ‘अभ्यासा’त अडकवलेले काही पुरुष आहेत. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० जणांवर हा प्रकार चालला. उपचार उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाहीत. कबरींचे फोटो काढत फिरू नका, हळू बोला. शाळा स्थानिक मंडळी सांभाळतात. ठरल्या वेळेला दार उघडं असेलच असं नाही. आठवडाभर आधी संपर्क करून वेळ ठरवा, रविवारी सकाळी चर्च चालू असतं तेव्हा टाळा आणि निघताना देणगी द्या.

कोणाचं काय

एकच जागा निवडायची असेल तर विद्यापीठ निवडा, दारं बंद असली तरीही. मुलांना घेऊन निघालेल्यांनी मोटन फील्ड. शाळा, शिक्षण, समाजकार्य यांत काम करणाऱ्यांनी आधी वेळ ठरवून शायलो. इतरांनी फक्त रस्त्यात पडते म्हणून तिथे डोकावू नये.

टस्कीगीच्या चौकातलं १९०६ चं न्यायालय अर्ध्या तासात होतं. १९५७ मध्ये कृष्णवर्णीय मतदार बाहेर राहावेत म्हणून याच शहराची चौकोनी हद्द २८ बाजूंची करण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला.

दोन ठिकाणं करायची तर क्रम असा ठेवा. आय-८५ महामार्गाचं ३८ क्रमांकाचं वळण घ्या. दक्षिणेला मोटन फील्ड आणि पुढे शहर, उत्तरेला शायलो आणि नोटासल्गा. सकाळी गारव्यात विद्यापीठ, ऊन तापल्यावर मोटन फील्डचा थंड हँगर. अलाबामाचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असतं, त्यामुळे आठला निघालेले तिथे नऊलाच पोचतात. परतताना तो तास जातो. जेवण जवळच्या ऑबर्न शहरात घ्या किंवा डबा आणा.