गोठ्यातली कॅल्शियमची बाटली की मेडिकलमधली गोळी?

दुभती म्हैस दारात असली की मिनरल मिक्श्चरची (जनावरांच्या खनिज मिश्रणाची) पिशवी आणि लिक्विड कॅल्शियमचा कॅन घरात असतोच. अशात कुणाचे गुडघे धरले की विषय निघतो: जनावराला एवढं मानवतं, तर आपण चमचाभर घेतलं म्हणून काय बिघडलं? शिवाय गोळ्यांपेक्षा ते स्वस्त पडतं, हेही खोटं नाही.

आधी पिशवी घ्या. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 1664 या मानकाप्रमाणे बिनमिठाच्या मिश्रणात किमान 20 टक्के कॅल्शियम, 0.8 टक्के जस्त आणि 0.026 टक्के आयोडीन लागतं. गाईला दिवसाला साधारण 50 ग्रॅम देतात. आता वजनाचं त्रैराशिक मांडू, बहुतेक जण तेच मांडतात. 400 किलोच्या गाईला 50 ग्रॅम, तर 60 किलोच्या माणसाला साडेसात. त्यातून कॅल्शियम दीड ग्रॅम मिळेल. गरज एक ग्रॅमची, तेवढं चालवून घेऊ. पण जस्त 60 मिलिग्रॅम जाईल आणि मोठ्या माणसाची रोजची मर्यादा आहे 40. आयोडीन जवळजवळ 2 मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या 13 पट, आणि आयोडीनचं मीठ आपण वरून खातोच. थायरॉइडचा त्रास असलेल्या बाईने तर या पिशवीला हातच लावू नये.

त्यात फ्लोरिनही असतं. मिश्रणातला फॉस्फरस बऱ्याचदा रॉक फॉस्फेटपासून येतो आणि त्याबरोबर फ्लोरिन येतं, म्हणून मानकाने 0.07 टक्क्यांपर्यंत सूट ठेवली आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड आहे, तिथे ही भर कशाला?

त्रैराशिक खरं फसतं ते पोटापाशी. मिश्रणात कोबाल्ट घालतात, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्यापासून बी-12 बनवतात. आपल्याला बी-12 तयारच लागतं. शाकाहारी माणसाने अंगात त्राण यावं म्हणून हे मिश्रण खाल्लं, तर त्याची कमतरता आहे तिथेच राहील.

कोंबड्यांच्या व्हिटॅमिनची बाटली त्याहून अवघड. 100 पक्ष्यांना मिळून 5 मिली, असा तिचा हिशोब. 1 मिलीत व्हिटॅमिन ए 12,000 युनिट आणि डी-3 6,000 युनिट असलेली द्रावणं बाजारात आहेत. माणसाची रोजची मर्यादा ए ची 10,000 आणि डी ची 4,000. म्हणजे एका मिलीतच दोन्ही ओलांडल्या. यावर कुणी म्हणेल, डॉक्टर डी ची 60,000 युनिटची पुडी देतातच की! देतात; पण आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, आणि तिच्यात ए नसतं. गरोदरपणात जास्तीचं ए बाळाला व्यंग आणू शकतं. ब्राझीलमध्ये दंड फुगवायला जनावरांचं ए-डी-ई (तिन्ही व्हिटॅमिनं असलेलं) तेल टोचून घेणाऱ्या तरुणांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. जिमच्या पोरांनी एवढं तरी वाचावं.

जनावरांच्या औषधावर प्राण्याच्या डोक्याचं चिन्ह आणि माणसांसाठी नाही अशी सूचना कायद्यानेच असते. मिनरल मिक्श्चर मात्र बहुधा पशुखाद्य पूरक म्हणून विकलं जातं, त्यामुळे त्यावर ते चिन्ह दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

गोळीची बाजू सरळ आहे. नेहमीच्या गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट डी-3, ना जास्तीचं आयोडीन, ना फ्लोरिन. ब्रँडची परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात विचारा. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज दोन गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बाळंतपणानंतरही सहा महिने. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. मुतखडा झालेला असेल तर आधी डॉक्टर.

आपल्या गोळ्या गाईला देण्याचा उलटा प्रयोगही करू नका. 10 लिटर दूध देणारी गाय नुसत्या दुधातून 12 ग्रॅम कॅल्शियम देते. तेवढं भरायला आपल्या 24 गोळ्या लागतील, आणि त्या खर्चात पिशवी येईल.

एखाद्या वेळी चमचाभर पोटात गेलं तर घाबरण्यासारखं सहसा नसतं. रोज घेत असाल तर आजच थांबवा. खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ असं काही वाटत असेल तर दवाखान्यात जाताना बाटली किंवा पिशवी सोबत न्या. डॉक्टरांना नुसतं कॅल्शियम घेतो म्हणून सांगू नका, कुणाचं घेतो तेही सांगा.