रक्तपेढीची तपासणी चोख, निरोप मात्र अर्धवट

तपासणीला पाचपैकी पाच, निरोप देण्याच्या पद्धतीला जेमतेम दोन. रक्तपेढीचं नाव मुद्दाम देत नाही.

नियमित रक्तदाता असूनही मला अचानक पत्र आलं, ‘अँटी-एचबीसी रिॲक्टिव्ह, रक्तदानास अपात्र.’ बस्स, एवढंच. म्हणजे हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी माझ्या रक्तात आढळली होती. माझी एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन शोधणारी चाचणी, आजवर दरवेळी निगेटिव्ह! फोन केला तर पलीकडच्या मुलाने ‘लशीमुळे असेल’ असं ठोकून दिलं. साफ चूक. लशीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन तेवढं असतं, गाभ्याचं नसतं. त्यामुळे लशीने अँटी-एचबीएस, म्हणजे आवरणाविरुद्धची संरक्षक अँटीबॉडी वाढते, अँटी-एचबीसी नाही.

समुपदेशक बाई मात्र अव्वल. त्यांनी माझ्याच पत्राच्या पाठीवर आलेख काढला: संसर्गानंतर एचबीएसएजीची रेघ चढते, मग उतरते. संरक्षक अँटीबॉडी वर यायला वेळ लागतो, आणि मधल्या फटीत रक्तात सापडते ती फक्त गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी. ती पुढे बहुधा आयुष्यभर राहते. बरं झाल्यावरही विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींत दडून बसतो आणि क्वचित थोडासा रक्तात उतरतो. तपासणीला नमुना जातो इवलासा, रुग्णाला चढते अख्खी पिशवी, म्हणून डीएनए चाचणीतून निसटलेलं रक्तही कधी बाधू शकतं. हे ऐकल्यावर माझा राग गेला. ब्रिटनमध्ये २०२२ पासून दात्यांची ही अँटी-एचबीसी तपासणी होते. जिथे हा आजार फार पसरलेला आहे तिथे मात्र तिच्यापायी दात्यांचा मोठा हिस्साच बाद होईल, ही अडचणही बाईंनी लपवली नाही.

ही चाचणी कधी खोटी रिॲक्टिव्ह येते, म्हणून माझा नमुना दुसऱ्या किटवर तपासला. पुन्हा तेच. डीएनए सापडला नाही, अँटी-एचबीएस भरपूर. थोडक्यात, जुना, बरा झालेला संसर्ग. कधी झाला, देव जाणे.

पत्रात खरं तर हे ठळक छापायला हवं होतं: पुढे कधी केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घ्यायची वेळ आली, तर ही नोंद डॉक्टरांना आधी दाखवा, कारण दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं रक्त देणाऱ्याला एवढं तरी लेखी कळवायला नको?

असं पत्र आलं तर फोनच्या नादी लागू नका. थेट समुपदेशकाची वेळ मागा आणि सगळ्या अहवालांच्या प्रती घेऊनच उठा.