पानं खणखणीत, शोध कच्चा (३ तारे)

नातू अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात शिकतो. त्याचे घरमालक मूळचे आयरिश. त्यांचे खापरपणजोबा तिथल्याच ईरी कालव्यावर मजूर होते, एवढंच त्यांच्या घरात ठाऊक. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही जन्मभर मस्टर भरले, जरा पाहा ना." कालव्याच्या जुन्या हजेऱ्यांची पानं स्कॅन करून दाखवणाऱ्या ह्या साईटची महिन्याची वर्गणी त्यानंच भरली. मी दारव्हा तालुक्यात रोजगार हमीच्या नाला-बांधांवर हजेऱ्या लावलेला माणूस.

पहिलं पान उघडलं अन् हसूच आलं. नाव, दिवस, दर, रक्कम, सही. सही येत नसेल तिथं फुली, अन् फुलीच्या दोन्ही अंगांना कारकुनानं लिहिलेलं, 'ह्याची खूण'. आमच्याकडे शाईचा अंगठा, तिकडे फुली. टाक कागदात रुतलेला दिसतो इतकं स्कॅन साफ. एक पान उघडायला वावरातल्या विहिरीपाशी पाच मिनिटं उभं राहावं लागतं, पण तो दोष आमच्या रेंजचा.

शोध मात्र कच्चा. नाव टाका, 'काही सापडले नाही'. १८१७ ते १८२५ मध्ये कालवा खोदला तो तुकडे पाडून, ठेकेदारांकडून. सरकारनं पैसे मोजले ठेकेदाराला, मग मजुराचं नाव सरकारी कागदात येणार कसं? १८३६ पासूनचं रुंदीकरणही ठेक्यानंच. नावं मिळतात ती दुरुस्तीच्या कामांत, जिथं सरकारी माणसानं स्वतः रोजंदारीवर मजूर लावले. एवढं दोन ओळींत लिहून ठेवलं असतं तर माझे आठ दिवस वाचले असते.

त्यात आडनावं कानावर विसंबून लिहिलेली. डोनाह्यूचा डुनाहू. अर्थात आमच्या मस्टरवरही तुळसाबाईची तुयसाबाई व्हायचीच, तेव्हा बोलायला जागा नाही.

शेवटी नाव सोडलं अन् टोळी धरली. मुकादम हजेरी टोळीनं पुकारतो. एका गावचे, सोयरे, जवळजवळच उभे राहतात. घरमालकांकडे चर्चमधली लग्नाची नोंद होती, तिच्यात साक्षीदाराचं नाव. तो साक्षीदार १८४९ च्या जूनमध्ये सापडला अन् त्याच्या लगेच खाली आमचा माणूस. २३ दिवस, फुली. आयर्लंडातल्या दुष्काळात, १८४७ च्या सुरुवातीला, ७ लाखांवर माणसं सरकारी कामांवर होती, रस्त्याची खडी फोडत, मापावर मजुरी घेत. हाही त्यांतलाच असेल का, कोण जाणे. मला आपली आमची गिट्टीची खदान आठवली.

जुलैतही दोघं खालीवर. ऑगस्टमध्ये साक्षीदार एकटाच. सप्टेंबरचं पान उघडायला गेलो तर 'हा संग्रह आपल्या वर्गणीत नाही', वेगळे पैसे भरा म्हणतात. नातवाला अजून सांगितलेलं नाही.