सैफुल ते चिंचोळी एमआयडीसी: मिनीबसची सीट का एसटीचा पास? दोन्ही वापरून झाल्यावरचा हिशोब

घर सैफुलला, कंपनी चिंचोळीला, म्हणजे रोज अख्खं सोलापूर ओलांडून पुणे रोडला लागायचं. बाईक आहे, पण हायवेवरचे ट्रक बघून घरचे सोडत नाहीत, मग राहिलं काय, सीट रिक्षा (माणशी पैसे घेणारी शेअर रिक्षा) अधिक एसटी, नाहीतर स्टाफनं मिळून ठरवलेली मिनीबस. दोन्ही महिनोन्महिने वापरलंय, मध्ये एकदा मिनीबस सोडून परत एसटीचा पास पण काढला होता, आता पुन्हा मिनीबसमध्येच आहे. कंपनीतले नवीन पोरं सारखं विचारतात की स्वस्त काय पडतं, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

सगळे एसटीचं तिकीट आणि मिनीबसचा महिना एवढंच बघतात आणि एसटी स्वस्त म्हणून मोकळे होतात, पण घरापासून स्टँडपर्यंतची रिक्षा कोणी धरतच नाही, आणि खरा पैसा तिथंच जातो ओ. माझंच बघा, सैफुल ते सात रस्ता पंधरा, तिथं उतरून दुसरी रिक्षा स्टँडपर्यंत दहा, असे जाऊन येऊन रोज पन्नास, पंचवीस दिवस कामाचे धरले तर साडेबाराशे नुसते रिक्षाला. आणि एसटी? 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा साध्या गाडीचा 6 किलोमीटरचा टप्पा 8 रुपये 70 पैशांवरून 10 रुपये 5 पैसे झाला. चिंचोळीपर्यंत तीन टप्पे धरले तरी तीस-एकतीस रुपये. म्हणजे शहरातल्या पाचसहा किलोमीटरला पंचवीस आणि पुढच्या एवढ्या लांबच्या रस्त्याला तीस! ओरड मात्र सगळी एसटीच्या दरवाढीची.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं हे एकदा डोक्यात बसलं की बरेच उद्योग वाचतात. आमच्यातले दोघंतिघं रोज सकाळी पुणे नाक्यापर्यंत चालत जायचे, तेवढंच तिकीट कमी होईल म्हणून. काही कमी होत नाही, टप्पा तोच असेल तर तिकीट स्टँडपासूनचंच फाटतं, उलट स्टँडवर मिळाली असती ती जागा जाते आणि बाळे, केगाव, कोंडी करत उभ्यानं जायचं. टप्पा जिथं बदलतो त्याच्या एक स्टॉप पुढं उतरलात तर मात्र पूर्ण टप्प्याचे पैसे जातात, तिथं अलीकडं उतरून पाच मिनिटं चाललं तर फायदा आहे. कंडक्टरला विचारा, सांगतात की, फक्त गर्दीत नका विचारू.

आता पास. महिन्याच्या पासला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरता येतं, तीन महिन्यांच्या पासला 50 दिवसांचं भरून 90 दिवस. रोज जाणाऱ्याला तीन महिन्यांचाच परवडतो, कामाचे पंचाहत्तर दिवस धरले तर पंचवीस दिवस फुकट. पण मध्ये दिवाळी, लग्नसराई, आजारपण येणार असेल तर महिन्याचाच काढा, आणि महिन्यात वीस दिवसांच्या खाली जाणं होणार असेल तर पासच्या नादी लागू नका, रोजचं तिकीट बरं. साध्या गाडीचा पास शिवशाहीत नुसता दाखवून भागत नाही, आणि प्रत्येक लांब पल्ल्याची गाडी चिंचोळीला थांबत पण नाही, तेव्हा मोहोळ किंवा मोहोळमार्गे पंढरपूर अशी साधी गाडी बघायची.

बायकांचं गणित वेगळं. 17 मार्च 2023 पासून एसटीत हाफ तिकीट आहे. अकाउंट्समधल्या मॅडम शिवाजी चौकाजवळ राहतात, चालत स्टँडला येतात, महिन्याचे सव्वीस दिवस गेल्या तरी तेरा दिवसांच्या फुल तिकिटाएवढेच पैसे, त्यांना मिनीबस कशाला पाहिजे. फक्त ही योजना एसटीची आहे, महापालिकेच्या सिटी बसची नाही, यावरून गाडीत वाद झालेले ऐकलेत.

सुट्ट्याचा त्रास आता कमी झालाय, मशीनवरच क्यूआर दाखवतात. रेंज नसली की परत जुनं चालू, तिकिटाच्या मागं पेनानं "9 बाकी" असं लिहून गोल करून देणार, आणि आपण उतरताना विसरणार.

मिनीबस म्हणजे सतरा सीटची ट्रॅव्हलर आहे. सीटला महिना 1900, घराजवळच्या चौकातून उचलते, कंपनीच्या गेटवर सोडते. पासचे साधारण बाराशे अधिक रिक्षाचे साडेबाराशे धरले तर माझे महिन्याला पाचशेच्या वर वाचतात आणि दोन रिक्षांची धावपळ पण नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत रिक्षा कुठूनही फिरवून नेतात आणि जास्त मागतात, तेव्हा तर फारच जाणवतं. वाईट काय, तर ड्रायव्हरशेजारची सीट. खाली इंजिन, मे महिन्यात पायाला चटके बसतात, नवीन माणसाला नेमकी तीच देतात. दुसरं म्हणजे गेलात नाही गेलात, पैसे पूर्ण. आणि डिझेल वाढलं की दुसऱ्या दिवशी दर वाढतो, कमी झालं की कोणाला आठवत नाही.

यावर आम्ही दोन गोष्टी करून घेतल्या. दिवाळीच्या आठवड्याचे पैसे वजा करायचे हे आधीच वहीत लिहून सह्या घेतल्या, तोंडी ठरवलं की महिनाअखेरीला भांडण ठरलेलं. आणि ज्या दोघांची शिफ्ट आलटून पालटून असते त्यांनी एकच सीट अर्धी अर्धी घेतली, उरलेला आठवडा ते एसटीनं तिकीट काढून येतात. गाडीवाला आधी कुरकुरला, पण सीट भरलेली राहते म्हणून तयार झाला.

गाडी ठरवताना नंबरप्लेट पिवळी, म्हणजे भाड्यानं चालवायच्या गाडीची आहे का तेवढं बघा. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी गाडी दोनशे-तीनशेनं स्वस्त मिळते, पण पैसे देऊन बसलात आणि काही झालं तर विम्यासाठी हेलपाटे. आम्हाला अशी एक ऑफर आली होती, सोडून दिली.

स्टँडपासून चालत अंतरावर राहात असाल तर माझं काही ऐकू नका, सरळ तीन महिन्यांचा पास काढा. जुळे सोलापूर, सैफुल, आसरा, होटगी रोड या बाजूचे असाल तर आधी रिक्षाचे पैसे मोजा, मग मिनीबसवाल्याशी बोला, आणि पहिल्याच दिवशी सीट कुठली ते पण ठरवून घ्या.