सॅटेलाइट गेलं तरी गाडीचा पत्ता सांगणारं मॉड्यूल: निओ-एम८यू

यू-ब्लॉक्स कंपनीचं निओ-एम८यू हे जागा दाखवणारं मॉड्यूल कारमध्ये बसवलंय, कोणाला घ्यायचं असेल तर आधी हे वाचा. जीपीएस रिसीव्हर आहेच, सोबत ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा) आणि जायरो (वळणं मोजणारा) पण आतच आहेत, म्हणजे सिग्नल गेला की गाडी किती पळाली, किती वळली याचा हिशोब हे स्वतःच लावत राहतं, आणि चाकाच्या सेन्सरला किंवा वायरिंगला हात लावावा लागत नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

इंदूरात विजय नगरला एका मॉलच्या बेसमेंटात फोनवरचा निळा ठिपका बाहेर रस्त्यावरच अडकला, पण लॅपटॉपवर याचा ट्रॅक रॅम्पवरून गोल गोल बरोबर खाली उतरला, भिया मजा आली! मग जागा शोधत रेंगाळलो तर ट्रॅक भिंतीतून सरळ शेजारच्या बिल्डिंगमध्ये घुसला. वर आलो, आकाश दिसलं, आला परत जागेवर.

आता हे होणारच. ॲक्सेलरोमीटर वेग किती बदलला तेवढंच सांगतो, त्यावरून वेग आणि वेगावरून अंतर काढायचं, त्यात जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) च्या हजाराव्या भागाएवढी चूक जरी राहिली तरी मिनिटात साधारण १८ मीटर आणि १० मिनिटांत पावणेदोन किलोमीटर फरक पडतो. कार आडवी सरकत नाही नि उडत नाही हे सॉफ्टवेअर धरून चालतं म्हणून बरंच सावरतं. त्यामुळे स्कूटीवर लावायचा विचार असेल तर राहू द्या, ती वळताना झुकते आणि हा सगळा हिशोब चारचाकीचा आहे. मोठ्या विमानांतल्या लेझर जायरोवाल्या यंत्रणा तासाला साधारण एक सागरी मैल (१.८५ किमी) चुकतात, पण त्या आपल्या खिशाबाहेर (लेझर म्हटलं की इंदूरवाल्यांना कॅट, म्हणजे इथली लेझरवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था, आठवणारच, पण तिथे रिटेल काउंटर नाही 😄).

बसवताना बॉडीला घट्ट स्क्रू करा, मोबाइल होल्डरवर अजिबात नको, हललं की संपलं. आणि आधी बायपाससारख्या मोकळ्या रस्त्यावर चालवा, वळणं घ्या, थांबा, तेव्हा ते स्वतःला सेट करतं. घरून निघून थेट बेसमेंटात नेलं तर काही उपयोग नाही.

ज्या साइटवरून मागवलं तिथे फोटोत अँटेना होता, डब्यात नव्हता, कस्टमर केअर म्हणे फोटो फक्त समजण्यासाठी असतो. तेव्हा अँटेनाचे पैसे वेगळे धरा. गुगल मॅपमध्ये हे आपोआप येत नाही, मधे एखादं ॲप लागतं, आणि सोल्डरिंग येत नसेल तर पिना लावलेलाच बोर्ड घ्या.