आठ महिने अनुवादित क्राइम वाचल्यावर

गेल्या जूनपासून मी जवळजवळ फक्त अनुवादित क्राइम वाचतेय. मी राहते चोडणला, नोकरी पणजीत, त्यामुळे रोज रायबंदरची फेरीबोट आणि पावसात तर रांगेत गाडी लावून बसायचंच, तो वेळ माझ्या वाचनाचा. पुस्तकं पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणते, 1832 ची संस्था आहे ती, आणि मराठी विभागात एकदा शिरलं की लवकर बाहेर पडवत नाही.

सुरुवात फेलूदाने केली, अशोक जैनांचा मराठी अनुवाद. सत्यजित राय यांनी 1965 मध्ये हा डिटेक्टिव्ह बंगालीत आणला, गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, आणि 'दा' म्हणजे दादा हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मग शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश, तोही बंगालीच, 1932 चा. त्याला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, आणि हा शब्द बंगालीतून मराठीत येताना जराही वाकत नाही. किती छान वाटतं असं काही सापडलं की!

माझ्या सासूबाई बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर, त्यातल्या झुंझार या नायकावर वाढलेल्या. त्यांचं म्हणणं, आमच्या वेळी पुस्तक सगळं आपल्यातलंच असायचं, ही परकी नावं कशाला. खरं आहे, दातारशास्त्रींनी रेनॉल्ड्सच्या इंग्लिश कादंबऱ्यांवरून लिहिलं तेव्हा माणसंसुद्धा इथलीच करून टाकली होती. पण मला आता ते परकंपणच हवं असतं. एका स्वीडिश जोडप्याने 1965 ते 1975 मध्ये मार्टिन बेकच्या 10 कादंबऱ्या लिहिल्या, त्या मी इंग्लिशमधून वाचल्या. त्यातल्या पोलिसाला सर्दी झालेली असते, पोट बिघडलेलं असतं, तपास आठवडेच्या आठवडे पुढे सरकत नाही आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण खुनाच्या निमित्ताने ते अख्खं शहर आपल्याला आतून दिसायला लागतं.

पण मुख्य सांगायचंय ते भाषेचं. आपल्या मराठीत क्रियापद बोललं की बाई की पुरुष ते कळतं. इंग्लिशमध्ये नुसतं 'the killer came in' असं लिहिता येतं, बंगालीत तर सर्वनामालाही लिंग नाही, आणि मराठीत 'आला' की 'आली' हे ठरवलं की अर्धे संशयित तिथेच सुटले! कथा सांगणारा 'मी' असेल तरी तेच, गेलो की गेले. म्हणजे लेखकाने 300 पानं लपवलेलं अनुवादकाच्या हातून पहिल्या पानावर फुटू शकतं. मग चांगला अनुवादक काय करतो ते मी लक्ष देऊन बघायला लागले. 'दार उघडलं. सुरी उचलली. दिवा मालवला.' इथे क्रियापद दाराच्या, सुरीच्या, दिव्याच्या मागे जातं, करणारा अंधारातच राहतो. किंवा 'ती व्यक्ती' म्हणतात, व्यक्ती शब्दच स्त्रीलिंगी, मग कोणाला काय कळणार. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी फेरीत बसून ते पान तीनदा वाचलं.

आणि तू-तुम्ही! इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच शब्द, स्वीडनमध्ये तर साठच्या दशकाच्या शेवटापासून जवळजवळ सगळेच एकमेकांना एकेरीत बोलवायला लागले. मराठीत मात्र ठरवावंच लागतं. एका अनुवादात चौकशी चाललेली असते, इन्स्पेक्टर बराच वेळ तुम्ही-तुम्ही करतो आणि एका वाक्यात अचानक 'तू' वर येतो, अंगावर काटा आला माझ्या. मूळ पुस्तकात हे असणारच नाही, ही मराठीची स्वतःची कमाई.

तक्रारीपण आहेत. एका पुस्तकात तोच माणूस कधी योहान कधी जोहान, मी 100 पानं दोन माणसं समजून चालले आणि त्यातल्या एकावर संशयही घेतला. स्वीडिशमध्ये J चा उच्चार य आहे, एकदा विचारून घ्यायचं ना. आम्हा गोंयकारांना हे जास्तच खुपतं, आमच्याकडे João लिहिलेल्या जुआंवला कोणी स्पेलिंग बघून हाक मारत नाही. दुसऱ्या एका पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर चक्क दुसरा खून कोणाचा होतो ते छापलं होतं, तो खून निम्मं पुस्तक झाल्यावर येतो, मला खरंच राग आला. आणि 'त्याचं रक्त थंड झालं' असली वाक्यं, अरे आपल्याकडे पाचावर धारण बसते, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते, इतकं असताना कशाला.

नवीन सुरुवात करणाऱ्याने फेलूदापासून करावी, दोन-तीन बसण्यांत होतो. जपानी घ्यायचं तर आधी नावांची यादी कागदावर लिहून पुस्तकात ठेवा, मी ठेवते. त्यातल्या काहींमध्ये खून कोणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि तरी शेवटपर्यंत श्वास रोखून वाचावं लागतं, पकडला कसा जाणार एवढ्यासाठी. तसलंच एक चवथीच्या सुट्टीत घरी ठेवलं होतं, ते सासूबाईंनी उचललं. रात्री वीज गेली तर मोबाइलचा टॉर्च लावून वाचत बसल्या, आणि सकाळी चहा देताना मला म्हणाल्या, ह्याच माणसाचं अजून एखादं आहे का गं लायब्ररीत.